चिमट्यात धरलेला टॉवेल

फुलके भाजायचा चिमटा घेऊन मी गॅलरीत उभी होते आणि दोरीवरचा टॉवेल त्या चिमट्याने उचलत होते. टॉवेल साधाच, निळ्या पट्ट्यांचा. आदल्या रात्री सांगोल्याहून आलेल्या मामांना तो मीच काढून दिला होता. सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी तो घट्ट पिळून, झटकून, दोन्ही टोकं जुळवून वाळत घातला होता. खाली बादलीत उकळतं पाणी, पाण्यात डेटॉल. टॉवेल बादलीत सोडला, चिमट्यानेच दाबून बुडवला आणि वळून बघते तर मामा दारात. अंगात बंडी, हातात टोपी. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. "एवढ्या कडक पान्यात रंग जाईल गं त्याचा," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन चहाला बसले.

पुढच्या महिन्यात तपासणीच्या तारखेला आले तेव्हा पिशवीत स्वतःचा टॉवेल होता.

बाहेरगावचा पाहुणा सोलापुरात आला की जाताना दोन टॉवेल, एखादी चादर पिशवीत घालून जातो. इथे येताना घरून टॉवेल आणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मामांनी तो गाजावाजा न करता काढला, वापरला, ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत ठेवला. दोरीवर घातला नाही. "वाळू द्या की मामा," असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्या दिवशी शाळेत सातवीच्या वर्गाला सूक्ष्मजीव शिकवायचे होते. फळ्यावर बुरशीचं चित्र काढताना खडू तुटला आणि पोरं उगाचच हसली. विज्ञानाची बाई म्हणून मला वर्गात जे माहीत असतं, ते गॅलरीत का माहीत नसतं, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

मामांच्या उजव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, ते नऊ वर्षं होतं. बांधावरची येडी बाभळ तोडताना काटा घुसला, त्यांनीच सुईने काढला, वर हळद दाबली आणि विसरून गेले. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे बारीक पुळी आली. पुढे तिची चामखीळ झाली, चामखिळीची दोन-चार भावंडं झाली आणि एकमेकांना चिकटून त्यांचा फुलकोबीसारखा खडबडीत गड्डा तयार झाला. दुखत नव्हतं. अधूनमधून खाज यायची, खाजवलं की रक्त यायचं, रक्तावर खपली धरायची, एवढंच. गावात कुणी चुना लावायला सांगितलं, कुणी मोरचूद. एका डॉक्टरांनी मलम दिलं, त्याने पहिले आठ दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट पसरलं. दुसऱ्यांनी कातडीचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या खायला घातल्या, लघवी लाल झाली, पाय होता तसाच. त्यानंतर मामांनी तो विषय धोतराच्या सोग्याखाली झाकून टाकला. आम्ही दरवर्षी भेटत होतो. लग्नकार्यात, दिवाळीत, आजीच्या वर्षश्राद्धाला. कुणालाही दिसलं नाही. मला दिसलं ते माझ्याच दारात पाय धुताना, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं तेव्हा.

"मामा, हे काय?"

"ते? ते जुनं हाय."

जुनं आहे म्हणजे काळजीचं नाही, असा आमच्याकडचा हिशेब. नव्या दुखण्याला डॉक्टर, जुन्याला सवय. ताप आला की चार माणसं धावतात. नऊ वर्षं तसूतसूने वाढणारं दुखणं हळूहळू घरातल्या सामानासारखं होतं, येता-जाता कुणाला खुपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दुर्लक्षित आजारांची एक यादी आहे. मामांचा आजार त्या यादीत २०१७ मध्ये आला, त्याची सख्खी बहीण शोभेल असा मायसेटोमा हा पायाचाच दुसरा आजार त्याआधी वर्षभर. हे मी पुढे वाचलं. 'दुर्लक्षित' हा शब्द वाचून डोळ्यापुढे सरकार वगैरे काही आलं नाही, आमच्या घरातल्या पंगती आल्या. मांडी घालून बसलेले मामा आणि शेजारी मी, लाडू आणखी एक घ्या म्हणून आग्रह करणारी.

दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पाय स्टुलावर घेतला, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग मला जवळ बोलावलं. "हे मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतायत ना, तिथलंच खरवडून घ्यायचं." त्या ठिपक्यांमधून शरीर आतली बुरशी खपलीवाटे बाहेर टाकू बघत असतं, म्हणून ती तिथे हमखास सापडते. खरवडलेला भुगा काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्याने कातडीचा कचरा विरघळतो आणि बुरशी उघडी पडते. थोड्या वेळाने त्यांनी आम्हा दोघांनाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. मी पाहिलं तर तपकिरी, जाड कडेचे गोल, काहींच्या पोटात आडवी-उभी भिंत. मामांनी टोपी काढून डोळा लावला, दुसरा हाताने झाकला आणि म्हणाले, "हे तर ढब्बू पैशे!" बाईंना ढब्बू पैसा म्हणजे काय ते सांगावं लागलं. ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या पुस्तकातसुद्धा ह्यांना तांब्याची नाणीच म्हणतात, आणि काचेवर ही नाणी दिसली की दुसरी शंका उरत नाही. मामांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद. नऊ वर्षांत त्यांच्या पायाबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी खात्रीने काही बोललं होतं आणि त्यात त्यांचाही एक शब्द होता.

आजाराचं नाव क्रोमोब्लास्टोमायकोसिस. मामांना ते पाठ व्हायचं कारण नव्हतं. "काळ्या बुरशांच्या जातीतली एक आहे," असं बाईंनी सोपं करून सांगितलं, दार उघडंच होतं, आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका बाईने मांडीवरचं पोर उचलून पलीकडच्या बाकड्यावर नेलं.

तिला दोष देऊन उपयोग नाही. करोना ओसरून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. २०२१ च्या मे महिन्यात बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक रात्ररात्र फोन फिरवत होते. आमच्या ओळखीतल्या एकाचा डोळा काढावा लागला, दुसरा घरी आलाच नाही. 'काळी बुरशी' हे दोन शब्द त्या उन्हाळ्यात असे भाजले गेलेत की आता ते कुणीही, कशाहीबद्दल उच्चारले तरी अंग आखडतं. गंमत अशी की ती काळी बुरशी काळी नव्हतीच. म्युकरमायकोसिस करणाऱ्या त्या बुरशा पाववर वाढणाऱ्या पांढुरक्या कापसाच्या भाऊबंद. पोरांना ओला पाव डब्यात ठेवून जी उगवायला सांगते, तिच्याच कुळातल्या. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडवते आणि मेलेलं मांस काळं पडतं, म्हणून तिला ते नाव पडलं. खरोखर काळ्या असतात त्या मामांच्या पायातल्या. ज्यांच्या पेशींच्या भिंतीतच रंग असतो. पण त्यांना वर्तमानपत्रात जागा नाही, कारण त्या दोन दिवसांत माणूस मारत नाहीत. दहा-पंधरा वर्षं घेतात, आणि घेतात तोही बहुतेक पायच. डॉक्टर बाईंनी मला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की ही माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतून, काट्यातून, जखमेतून होते. मी मान हलवली होती. आणि महिन्याभराने चिमटा उचलला होता.

भीती तर नावाची होती. पण नाव मी वर्गात शंभर वेळा खोडून दुरुस्त केलं असतं.

ह्या बुरशांचा काळा रंग म्हणजे मेलॅनिन. आपल्या कातडीत, केसांत असतं त्याच कुळातलं द्रव्य. काम तेच, ऊन सोसणं. सुकल्या काट्यावर, कुजक्या लाकडावर, तापल्या जमिनीवर राहायचं तर अंगावर असं काहीतरी हवंच. पण तीच काळी भिंत पुढे माणसाच्या शरीरात चिलखत होते. आपल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर जे विखारी रसायन सोडतात, ते ती पिऊन टाकते. म्हणून शरीर तिला मारू शकत नाही. चारी बाजूंनी वेढा घालून बसतं, वेढ्याचा गड्डा होतो, आणि तो गड्डाच आपल्याला रोग म्हणून दिसतो. हे मी मामांना रात्री जेवताना सांगत होते. ते भाकरी मोडत ऐकत होते. मग स्वतःचा दंड पुढे केला. बंडीच्या बाहीखाली गव्हाळ, बाहीच्या बाहेर कोळशासारखा. "म्हंजी आमच्यावानीच की," म्हणाले, "उनात ऱ्हाऊन काळी झालेली." आणि थोडं थांबून, "काळीतनंच आलीया ती." काळीतनं म्हणजे जमिनीतनं. आमच्याकडे काळी म्हटलं की पुढे आपोआप आई येतं. ज्या जिल्ह्यात माती काळी, देव काळा, घोंगडी काळी, तिथे ह्या एका गोष्टीचा काळेपणा मला एवढा का झोंबला असावा?

काळ्या बुरशा मामांना अनोळखीही नव्हत्या. कणसं भरताना अवकाळी पाऊस झाला की ज्वारी काळी पडते, मोत्यासारखा दाणा एका आठवड्यात राखेत लोळल्यासारखा दिसू लागतो. त्यात जी एक कर्व्ह्युलॅरिया असते तीही ह्याच काळ्या भिंतवाल्यांच्या जमातीतली. ज्वारी काढताना किंवा ऊस तोडताना पानाची धार डोळ्याला लागते, बुबुळावर ओरखडा उठतो, आणि कधीकधी तीच बुरशी तिथे मुक्काम ठोकते. त्यावर नॅटामायसिनचे थेंब असतात, सुरुवातीला तासातासाला घालायचे, रात्रीसुद्धा. पण माणूस आधी मेडिकलमधून डोळे लाल झाल्यावरचे कुठलेतरी थेंब आणतो, त्यात स्टिरॉइड असलं तर लाली जाते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मामांच्या पायाच्या मलमाचीही तीच गत झाली असणार. मामांच्या शेजारच्या वस्तीवरचा एक गडी उसाच्या हंगामात एका डोळ्याने आंधळा झाला. "पान लागलं" एवढंच त्याचं कारण सगळे सांगतात. पान लागलं, काटा लागला. आमच्याकडची कारणं नेहमी इतकीच छोटी असतात.

मला एक जुना पाय आठवतो. आजोळच्या विहिरीवर एक राखणदार होता, त्याचा डावा पाय कायम गोणपाटात गुंडाळलेला असायचा. एकदा त्याने गोणपाट सोडलं तेव्हा आम्ही पोरं चिंचेमागून बघत होतो. पाय सुजून भोपळ्यासारखा, त्यावर ठिकठिकाणी भोकं, भोकांतून पाणी, आणि पाण्यात काळे बारीक दाणे. आम्हाला वाटलं मुंग्या. पुढे त्याचा पाय गुडघ्याखाली कापला आणि तो गावातून गेला तो गेलाच. ते मायसेटोमा होतं, मदुरा फूट, हे आता कळतं. त्यात बुरशी नाण्यांच्या ऐवजी दाण्यांच्या रूपात असते. आयुर्वेदात हातापायांच्या अशा दुखण्याला वल्मीक म्हणजे वारूळ असा शब्द आहे, तेव्हा मुंग्या आठवणारे आम्ही पहिले नव्हतो. १८४२ मध्ये मदुराईला एका इंग्रज डॉक्टरने तो पाय कागदावर नोंदवला, म्हणून गावाचं नाव रोगाला चिकटलं. पण हे सगळं बुरशीमुळे होतं असं म्हणून १८६० मध्ये त्याला मायसेटोमा हे नाव देणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात होता आणि पुढे कित्येक वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन. जगभरचे डॉक्टर ज्या 'ग्रेज ॲनाटॉमी'वर शिकले, तिच्यातली चित्रं ह्याच कार्टरची. निरोगी शरीर इतकं सुंदर काढणारा हात इथे येऊन शेतकऱ्यांचे सडलेले पाय काढत बसला. साताऱ्याच्या कुठल्यातरी ओसरीवर एक अनवाणी माणूस पाय पुढे करून बसलाय आणि समोर एक साहेब मान खाली घालून रेघा ओढतोय, हे दृश्य माझ्या मनातून जात नाही. तो पाय त्याने हाताने वळवून बघितला असेलच. चिमट्याने चित्र निघत नाही.

प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला घातली तिला चार आठवडे लागले. मखमलीसारखा काळपट हिरवा थर आला म्हणे. नाव आलं, क्लॅडोफियालोफोरा कॅरियोनी. डॉक्टर बाई म्हणाल्या, दमट मुलखात तिची दुसरी एक बहीण जास्त सापडते, कोरड्या काटेरी मुलखातली ही, आणि त्यातल्या त्यात औषधाला वठणारी. ब्राझीलमध्ये एका रुग्णाला ज्या झाडाचा काटा लागला होता, त्याच जागी जाऊन काटे गोळा केले तर त्यांच्यावर अशाच जातीची काळी बुरशी मिळाली. ते झाड कुठलं, तर लाजाळू. "लाजाळू?" मामा म्हणाले. "आणि आमी उगं बाभळीला शिव्या देतोय."

औषध सुरू झालं. इट्राकोनॅझोल, १०० मिलीग्रॅमच्या कॅप्सूल, सकाळी २ आणि रात्री २, किती दिवस ते बघू, वर्षभर धरून चला. डाळिंबाची बाग असलेल्या माणसाला वर्षभर ही मुदत मोठी वाटत नाही, पण औषधाचं नाव मात्र त्यांच्या कानाला ओळखीचं लागलं. बागेत फवारायचे ते प्रॉपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, आणि पायाला हे इट्राकोनॅझोल. "सगळे झोलच हायेत की!" त्यांचं बरोबर होतं, ही सगळी एकाच घराण्यातली. बुरशीच्या पेशीचं आवरण ज्या द्रव्याने तयार होतं, ते द्रव्यच बनू द्यायचं नाही, ही ह्या घराण्याची रीत. बागेवरची बुरशी असो की पायावरची, मामांच्या लेखी आता फरक फक्त पंपाचा होता. तेल्यासारख्या रोगाने एकदा उभी बाग काढून टाकावी लागलेला माणूस, तो फवारणीची पाळी चुकवत नाही. कॅप्सूलही चुकवल्या नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीने दोन टिकल्या.

आणि तरी तीन महिने पाय हलला नाही. बाईंनी रक्त तपासलं, लिव्हर ठीक, फोटोशी फोटो लावून पाहिला, गड्डा तेवढाच. मग त्यांनी मामांची पिशवी उलटी करायला लावली. तंबाखूची चंची, एसटीचं तिकीट, कॅप्सूलचं पाकीट, आणि पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. ती पट्टी मी आणून दिली होती. ठेच्याने त्यांना जळजळतं, म्हणून रोज सकाळी अनशापोटी एक घ्या, असं मीच मोठ्या शहाणपणाने सांगितलेलं. बाईंनी कपाळाला हात लावला. ही कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. पित्ताच्या गोळीने आम्ल मारलं की कॅप्सूल बरीचशी जशीच्या तशी बाहेर. तीन महिन्यांच्या महागड्या कॅप्सूल मी माझ्या मायेने वाया घालवल्या होत्या. मामांनी पट्टी हातात घेऊन नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. "पॅन्-टो-प्रा-झोल." मग माझ्याकडे बघून, अगदी गंभीरपणे, "हितं बी झोलच."

मग पित्ताची गोळी बंद, कॅप्सूल भरल्या पोटी, जमलं तर कोल्यासारख्या आंबट पेयाबरोबर. कडक भाकरी आमटीत चुरून खाणारा, शेंगाचटणीवर तेल घेणारा माणूस, जेवण झालं की काळ्या पाण्याची छोटी बाटली दोन्ही हातांत धरून औषधासारखा तोंड वाकडं करून प्यायचा. गावातली नातवंडं त्यांच्या अवतीभवती घोटाळायची आणि बाटलीत दोन घोट मागे राहतील याची काळजी मामा घ्यायचे.

एप्रिलात बर्फाचा इलाज झाला. त्या दिवशी बाहेर ४३ अंश होतं, दवाखान्याच्या दारातल्या लिंबाखाली कुत्रीसुद्धा जीभ काढून निपचित. आत बाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि पांढरी वाफ कडेवरून खाली ओघळली. द्रव नायट्रोजन, शून्याखाली १९६ अंश. मी घाबरले. मामा मात्र डबा ओळखून होते. "गाय भरवायला डाक्टर येतो, त्याच्याकडं असतोय असला." त्याच थंडीत वळूचं वीर्य साठवतात आणि त्याच थंडीने गड्ड्याच्या कडा गोठवून मारतात. बाई फवारा धरत होत्या, कातडी पांढरी पडत होती, आणि मामा खुर्चीचा हात आवळून म्हणत होते, "इस्तू ठेवल्यागत लागतंय." थंडी निखाऱ्यासारखी लागते हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं.

लक्ष दुसरीकडे जावं म्हणून बाई बोलत राहिल्या. जपानमध्ये उलटं करतात म्हणाल्या, रोज गड्ड्यावर गरम पिशवी बांधून ठेवतात, कारण चाळीस-बेचाळीस अंशांच्या पुढे ह्या बुरशीला वाढता येत नाही. मामा चमकले. "मग आमच्या सोलापुरात कशी जगली ही? हितं तर सगळं गावच चाळीसच्या वर." बाई इतक्या हसल्या की फवारा बाजूला ठेवावा लागला. हवा तापली तरी शरीर घाम गाळून कातडी गार ठेवतं, त्या गारव्यात ती सुखाने राहते, हे उत्तर त्यांनी दिलं, पण मामांचं समाधान झालं नाही. आपलं ऊन काहीच कामाचं नाही, हे त्यांना कुठेतरी लागलं असावं.

बर्फाचे असे पाच-सहा फेरे झाले. दर फेरीनंतर फोड, फोडानंतर खपली, खपलीखाली गुलाबी कातडी. दिवाळीपर्यंत गड्डा सपाट झाला. नवीन वर्षाच्या उन्हाळ्यात तिथे फक्त एक चकचकीत डाग राहिला, पातळ, वाळल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा. बाईंनी तरीही खरवडून पाहिलं, दोनदा, महिन्याच्या अंतराने. ढब्बू पैसे नव्हते. कॅप्सूल आणखी काही महिने चालू ठेवल्या आणि मग थांबवल्या. "बरा झालो का?" ह्या प्रश्नाला त्या "आत्ता तरी" म्हणाल्या. ही परत डोकं काढू शकते, दर तीन महिन्यांनी पाय दाखवायचा, शेतात बूट घालायचे. मी नवी पेठेतून गमबूट आणून दिले. मामांनी ते घालून घरातल्या घरात चार पावलं टाकली आणि म्हणाले, "बैलाला पैंजण घातल्यागत वाटतंय."

ह्या दीड-पावणेदोन वर्षांत टॉवेल पिशवीतून यायचा आणि पिशवीतून जायचा. मी एकदा नवा, कोरा टॉवेल त्यांच्या उशाशी ठेवला होता. सकाळी तो घडी न मोडता तिथेच होता. एकदा धीर करून विषय काढला, "मामा, त्या दिवशी मी..." तर त्यांनी डाळिंबाचा भाव सांगायला सुरुवात केली. त्यांना मला सोडवायचं होतं की त्यांना स्वतःलाच ते ऐकायचं नव्हतं, हे मला ठरवता आलेलं नाही. कधीकधी वाटतं, चिमट्यापेक्षा माझ्या त्या उशाशी ठेवलेल्या कोऱ्या टॉवेलनेच त्यांना जास्त दुखावलं असेल. वापरलेल्यातला दिला असता तर कदाचित घेतला असता.

ह्या जानेवारीत गड्ड्याला आले. गड्डा म्हणजे आपली सिद्धरामेश्वरांची यात्रा, नाहीतर सगळ्या लेखभर त्या शब्दाचा मी दुसराच अर्थ वापरत आलेय. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ गर्दीत दोन तास उभे राहिले, नंदीध्वजांमागून चालले, होम मैदानावर नातीला पाळण्यात बसवलं. रात्री घरी आले ते लंगडत. गमबूट अर्थातच गावात. चपला देवापुढे काढून ठेवल्या होत्या, त्या शोधेपर्यंत अनवाणी फिरले. उजव्याच पायात, टाचेजवळ, काहीतरी बोचलं होतं.

"सुई आण," म्हणाले. "काडतो मी."

मी त्यांना मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं. पाय साबणाने धुतला, दोनदा, बोटांच्या मधून, घोट्यावरून, त्या पापुद्र्यासारख्या डागावरूनही. तिथली कातडी हाताला मऊ लागली, तान्ह्या पोराच्या कातडीसारखी, आणि बाकी पाय चिंचेच्या सालीसारखा. मामा अवघडून बसले होते, पाय मागे घेत होते, भाचीने पाय धरायचे नसतात, पुण्य-पाप काय काय पुटपुटत होते. ओला पाय वर धरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पिशवी आतल्या खोलीत होती.

"टॉवेल?"

"दोरीवरचा घेते," मी म्हटलं आणि हाताला आला तो ओढला. माझाच होता, अर्धा ओला.

दिव्याखाली टाच मांडीवर घेतली. सुई गॅसवर तापवली. भुवयांचा चिमटा शोधला तर सापडेना, मग स्वयंपाकघरातला तोच चिमटा आणला, पण त्याची टोकं फार जाड. शेवटी नखानेच काढलं. बाभळीचंच टोक होतं, गव्हाएवढं, पुढे काळं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ठेवलं आणि दोघं वाकून बघत बसलो.

"पुरतं निघालं का आत ऱ्हायलंय?" मामांनी विचारलं.

मी टाच पुन्हा दिव्याकडे वळवली, अंगठ्याने दाबून पाहिली. भोक इतकं बारीक होतं की काही कळेना.